गुरांचा आहार : चराऊ व धान्याधिष्ठित (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

मांसासाठी पाळलेली गुरे केवळ गवतावर वाढवावीत की अखेरचे काही महिने धान्य चारून पुष्ट करावीत, हा प्रश्न अमेरिकेत दोनशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजंतू सेल्युलोजाचे विघटन करतात. त्यामुळे माणसाला न पचणाऱ्या गवतावर ती पोसली जातात. मक्यातील पिष्ट मात्र एकाएकी फार पोटात गेल्यास लॅक्टिक अम्ल साचून जनावर दगावूही शकते. म्हणून धान्याचे प्रमाण हळूहळू वाढवितात.

धान्य चारण्याची प्रथा प्रथम सोयीतून आली. ओहायओतील सायओटो नदीच्या खोऱ्यात मका मुबलक पिके. परंतु तो दूरच्या बाजारात नेणे परवडत नसे. १८०५ मध्ये जॉर्ज रेनिक याने पुष्ट केलेली गुरे डोंगर ओलांडून बॉल्टिमोरपर्यंत हाकीत नेली. मक्याची वाहतूक जणू गुरांच्याच पायांनी झाली. याउलट टेक्ससची लाँगहॉर्न गुरे गवतावर वाढत व १८६७ पासून कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेत चढविली जात. काटेरी तार (एकस्व १८७४), अतिचराई आणि १८८६-८७ चा भीषण हिवाळा यांमुळे मोकळ्या कुरणांचा काळ ओसरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित मका व स्वस्त नायट्रोजनयुक्त खते यांमुळे धान्याची रेलचेल झाली आणि हजारो गुरे एकत्र कोंडून चारणारी आवारे उभी राहिली. १९२७ मध्ये सुरू झालेली सरकारी प्रतवारीही त्यांना अनुकूल होती. कारण स्नायूंत विखुरलेल्या चरबीला तीत वरचा दर्जा मिळे. १९५४ मध्ये खाद्यात मान्य झालेले डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक कर्करोगाच्या धोक्यामुळे १९७९ मध्ये बंद करावे लागले.

चराऊ गुरांची चरबी कॅरोटिनामुळे पिवळसर असते व तीत ओमेगा-३ वसाम्लांचे प्रमाण अधिक आढळते. मात्र ही गुरे सावकाश वाढत असल्याने आयुष्यभरात दर किलोमागे मिथेन अधिक सोडू शकतात. तेव्हा गवत तेवढे निर्दोष मानणे घाईचे ठरेल. दुसरीकडे, माणसाने थेट खाण्याजोगी जमीन व धान्य यांचा मोठा वाटा जनावरांकडे वळतो, हा आक्षेपही खोडून काढता येत नाही. ‘गवतावर पोसलेले’ या खुणेसाठी २००७ मध्ये ठरविलेले सरकारी मानक २०१६ मध्ये मागे घेण्यात आले.