बारा पानांचा चकवा

सावलीकडे धान कापून झालं की पारावर पत्त्यांचे डाव बसतात. त्याच पत्त्यांकडे आज जरा संशोधकाच्या नजरेनं बघू. पेट-नेटच्या तयारीत 'तुलनात्मक पद्धत' हा मुद्दा तुम्ही पाठ करतच असाल. पण दोन गोष्टी सारख्या दिसल्या की त्यांचं नातं आहे असं कधी म्हणायचं, हे पाठ करून कळत नाही.

आपला कॅट फ्रेंच पद्धतीचा आहे. पानं 52, रंग इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर, चित्रं राजा, राणी आणि गुलाम. पारंपरिक स्पॅनिश कॅटात रंग म्हणजे नाणी, पेले, तलवारी आणि सोटे. पानं 48, बऱ्याच खेळांत 40च. चित्रांत राजा, घोडेस्वार आणि सेवक असतात. राणी नाही आणि दश्शीही नाही. आणखी एक गंमत बघा. पानाच्या कडेची रेघ नाण्यांना अखंड असते, पेल्यांना एका जागी तुटते, तलवारींना दोन आणि सोट्यांना तीन जागी. म्हणजे हातातलं पान पूर्ण न उघडताच रंग कळतो.

फ्रेंच चिन्हं पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. एका रंगातला साधा आकार साच्यातून भराभर उमटवता येतो. तलवारी आणि पेले काढायला मेहनत जास्त. स्वस्ताई हे या कॅटाच्या प्रसाराचं कारण सांगतात, आणि मला ते पटतं.

आता मूळ बघू. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मामलुक काळातले इजिप्शियन पत्ते आहेत. लिओ मेयर यांनी 1939 मध्ये त्यांच्यावर लिहिलं. त्यांचे रंग नाणी, पेले, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. पोलो ठाऊक नसलेल्या युरोपात त्या काठ्यांचे सोटे झाले. त्यातल्या राजाखालच्या पानाला 'नायब' म्हणत, आणि स्पॅनिशमध्ये पत्त्यांना 'नाइपेस' म्हणतात, ते बहुधा यावरूनच.

आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफा आहे. बाबरानं 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात सापडते. मुघल गंजिफात 8 रंग, 96 पानं. दशावतारीत मत्स्यापासून कल्कीपर्यंत 10 रंग, 120 पानं. सगळी पानं गोल. विसाव्या शतकात ही कला विझत आली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच पुन्हा सुरू केली.

इथे घाईतला विद्यार्थी हिशोब मांडतो. स्पॅनिश 48 म्हणजे 4 गुणिले 12. मुघल 96 म्हणजे 8 गुणिले 12. दशावतारी 120 म्हणजे 10 गुणिले 12. प्रत्येक रंगात बारा, म्हणजे सापडलं नातं! थांबा. हा चकवा आहे. स्पॅनिश बारात 1 ते 9 आकडे आणि तीन चित्रं. गंजिफाच्या बारात 1 ते 10 आकडे आणि फक्त दोन चित्रं, राजा आणि प्रधान. बेरीज जुळली, घडण नाही.

मी विज्ञानाची, म्हणून तिकडचं उदाहरण देते. देवमासा माशासारखा दिसतो, कारण पाण्यात पोहायला तो आकार सोयीचा. त्यावरून नातं ठरत नाही. पण त्याच्या शरीरात मागच्या पायांची उरलेली हाडं आहेत. पोहायला ती लागत नाहीत, तरी आहेत, म्हणून वंशाबद्दल तीच जास्त सांगतात.

पत्त्यांत असं 'हाड' आहे का? आहे, आणि मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो. स्पेनमध्ये जन्मून सतराव्या शतकात युरोपभर गाजलेल्या ओंब्र या खेळात तलवारी आणि सोटे यांचे आकडे सरळ चालतात, मोठा आकडा वरचढ. नाणी आणि पेले यांत उलटं, लहान आकडा वरचढ. मुघल गंजिफातही अर्धे रंग सरळ आणि अर्धे उलटे. त्यात तलवार, म्हणजे शमशेर, सरळ आणि सोन्याचं नाणं उलटं. हुबेहूब स्पेनसारखं! हा नियम खेळ सोपा करत नाही, उलट नवख्याला गोंधळात टाकतो. इतका गैरसोयीचा नियम दोन ठिकाणी वेगवेगळा सुचणं अवघड. म्हणून समान पूर्वजाची बाजू इथे भक्कम होते. मात्र गंजिफातलं चांदीचं नाणं सरळ चालतं. न जुळणारी ही नोंदही तुमच्या तक्त्यात राहिलीच पाहिजे, ती खोडू नका.

नावंही साक्ष देतात. इंग्रजीतला 'स्पेड' हा 'एस्पादा' म्हणजे तलवार या शब्दाकडून आला, आणि 'क्लब' म्हणजे सोटा. पण चित्रात सोटा कुठेय? तीन पानं आहेत. चित्र फ्रेंच, नाव जुन्या कॅटाचं. बंगालीत हरतन, रुइतन, इस्कापन हे शब्द डचांकडून आले. आपण बदाम आणि चौकट ही नावं आकारावरून ठेवली. 'किलवर' म्हणताना मात्र डच 'क्लाव्हर' आठवतो. त्याचा अर्थ तिपानी गवत, आणि पत्त्यांतला हाच रंग. पण इंग्रजीत त्या गवताला 'क्लोव्हर' म्हणतात, तोही कानाला तितकाच जवळ. नुसत्या उच्चारावर निकाल देऊ नका. 1831 चा मोल्सवर्थ कोश उघडा, मग जुनी पत्रं आणि दफ्तरं बघा, आणि शब्द पहिल्यांदा कुठल्या साली, कुठल्या बंदराजवळ भेटतो ते टिपा.