पत्त्यातली मराठी

मराठी विकिपीडिया २००३ सालापासून आहे. त्यावरच्या एखाद्या लेखाचा पत्ता उचलून मित्राला धाडून पाहा. पडद्यावरच्या पट्टीत ‘मराठी’ असे स्वच्छ दिसत असते. पण संदेशात पुष्कळदा टक्क्यांच्या खुणा, रोमन अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक माळ उमटते. कधी दुवा पहिल्या देवनागरी अक्षरापाशीच तुटतो. याला इतिहास आहे.

१९६३ साली अमेरिकेत ‘ॲस्की’ ही संकेतमाला ठरली. तीत जागा फक्त १२८. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राच्या खुणा बसल्या आणि घर भरले. १९९४ साली वेबपत्त्यांचे नियम लिहिले गेले, तेव्हा हीच माला पायाला धरली. इतरांनी वेष पालटून यावे, अशी तजवीज झाली: टक्क्याची खूण आणि तिच्यामागे दोन चिन्हे.

मधल्या काळात, १९९१ साली, युनिकोडमध्ये देवनागरीला हक्काची जागा मिळाली होती. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ‘यूटीएफ-८’ ही रचना आखली. तीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेते. पत्त्यात एकेका बाइटची तीन चिन्हे होतात. ‘मराठी’त तीन अक्षरे, एक काना, एक वेलांटी. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस!

संकेतस्थळाच्या नावासाठी २००३ साली वेगळा नियम आला. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींना अरबी लिपीतले देशनाम मिळाले. २०१४ साली आपले ‘.भारत’ सुरू झाले. यंत्राच्या पोटात मात्र तेही रोमन वेषातच फिरते.

यामागे एक रास्त भीतीही आहे. रशियन ‘а’ आणि इंग्रजी ‘a’ डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यातून भामट्याला बँकेचा खोटा पत्ता बनवता येतो. म्हणून काही प्रणाली मुद्दाम सांकेतिक रूप दाखवतात. पण टक्क्यांची माळ तरी कोणाला वाचता येते? जो पत्ता वाचता येत नाही, तो खरा की खोटा हे ओळखणार कसे? फोनवरून आजीला सांगणार कसा?

दुवे दाखवणाऱ्या प्रणाली बनवणाऱ्यांनी एक मराठी पत्ता टाकून पाहावा, एवढेच मागणे आहे. तोवर आपण दुवा धाडताना त्याखाली लेखाचे नाव मराठीत लिहावे. दुवा तुटला तरी शोधणाऱ्याला वाट सापडेल.