पंगत कुणी मांडली?

आज इतिहासाचं बोलायचं आहे, पण विषय आपल्या रोजच्या हातातला आहे. जेवायला माणसं बसायच्या आधी जी जागा मांडावी लागते, ती मांडणाऱ्यांचा हा इतिहास आहे.

हा विषय निघाला तो आपल्याच घरांमधून. आपल्याकडची मुलं, आणि आता मुलीसुद्धा, मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत कामाला लागतात. नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं असतं ‘बँक्वेट सेटअप’. गावात विचारलं तर आई सांगते, “हॉटेलात आहे.” ऐकणारी समजते, भांडी घासत असेल. आईलाही नीट ठाऊक नसतं, म्हणून ती पुढे काही बोलत नाही.

तर हे काम असं. पंचतारांकित हॉटेलात लग्नाची, कंपन्यांच्या बैठकांची मोठी दालनं असतात. सकाळी तिथे सभा असते, खुर्च्या शाळेसारख्या ओळीत. चार वाजता सभा उठते आणि सात वाजता त्याच दालनात स्वागत समारंभ असतो. मधल्या तीन तासांत सगळं उचलायचं आणि सगळं नव्यानं मांडायचं. पाच-सहा फुटांची गोल टेबलं पाय मिटून, कडेवर उभी करून चाकासारखी गडगडत आणतात, उचलून नेली तर कंबर जाते. एका टेबलाभोवती आठ ते दहा खुर्च्या. टेबलावरचं कापड चारी बाजूंनी सारखं लोंबलं पाहिजे आणि घडीची रेघ सगळ्या टेबलांवर एकाच दिशेला आली पाहिजे. ताटाच्या डाव्या हाताला काटा, उजव्या हाताला सुरी, सुरीची धार ताटाकडे, आणि सुरीच्या टोकाशी पाण्याचा ग्लास. ग्लास उजेडाला धरून पुसायचा, खालून धरायचा, काठाला बोट लागू द्यायचं नाही. असे तीनशे, पाचशे, कधी हजार. पाहुणे आत येतात तेव्हा मांडणारे मागच्या दारानं गेलेले असतात. रात्री एक वाजता ते परत येतात, उचलायला.

आपल्याला यातलं काय नवीन आहे? केळीचं पान मांडताना निमुळतं टोक डावीकडे, मीठ कुठे, लिंबाची फोड कुठे, भात कुठे, हे आपण लहानपणी आजीच्या हाताखाली शिकलो. पत्रावळ फाटकी निघाली तर बाजूला काढायची, पाट ओळीत लावायचे, मधून वाढप्याला चालायला वाट ठेवायची. विद्या तीच आहे. फरक एवढाच की हॉटेलात तिला पगार आहे, आणि घरी तिला काम म्हणतच नाहीत.

आता आपल्या तालुक्यातली सगळ्यात मोठी जेवणावळ आठवा. ६ जून १६७४, रायगड. राज्याभिषेकाला हजारो माणसं गडावर होती. गागाभट्ट आठवतात, सिंहासन आठवतं, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आठवतो. तो पाचाडात येऊन थांबला होता, कारण महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणजे आपल्या पोलादपूरच्या डोक्यावरच. या वकिलातीची एक गंमत फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं लिहून ठेवली आहे. इंग्रजांना रोज मांस लागायचं. गडाखाली एक म्हातारा खाटीक होता, त्याचं गिऱ्हाईक म्हणजे तिथले थोडे मुसलमान. ऑक्झेंडन होता त्या महिनाभरात या म्हाताऱ्याचं जेवढं मांस खपलं, तेवढं त्याआधी कित्येक वर्षांत खपलं नव्हतं. तेव्हा एवढं खाणारी ही माणसं आहेत तरी कशी, हे बघायला तो त्या वयात गड चढून गेला!

आम्हाला हा म्हातारा फार आवडतो. राज्याभिषेकाच्या सगळ्या गोष्टींत जेवण पुरवणारा, कष्टाचा असा हा एकच माणूस आम्हाला दिसला, आणि तोही परक्यानं लिहिला म्हणून. पाणी कुठल्या टाक्यांतून कुणी आणलं, पत्रावळी कुणी लावल्या, उष्टी कुणी काढली? पाचाड, निजामपूर, बिरवाडी या पट्ट्यातल्या बायांचे हात त्यात नसतील, असं आम्हाला वाटत नाही. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, पाचाडात जिजाऊ गेल्या. त्यांची समाधी आपण पाहतो. गडावर चढलेल्या हंड्यांचा कुठे उल्लेख नाही.

तसंच उमरठचं. पोलादपूर तालुक्यातलं तानाजी मालुसऱ्यांचं गाव. रायबाचं लग्न काढलं होतं आणि तानाजी कोंढाण्यावर निघून गेले, ही गोष्ट परंपरेनं घराघरांत सांगतात. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा आला आणि तानाजी पडले. ही गोष्ट ऐकताना आमच्या मनात दरवेळी येतं, उमरठात भाजणी दळून झाली असेल, तांदूळ निवडून झाले असतील. ते सगळं आवरलं कुणी? असो. आम्ही बायका, आम्हाला असलं सुचतं.

पण मांडणाऱ्याचा खरा प्रश्न आपल्या महाडात विचारला गेला तो १९२७ साली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. तळ्याकडे निघालेली रांग आठवते. त्याआधी परिषदेची तयारी झाली होती, ती मात्र सांगितली जात नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केलं, कागदावर. आणि मार्च १९२७ मध्ये परिषदेला माणसं जमली तेव्हा त्यांच्या पिण्याचं पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. तळं समोर भरलेलं. चाळीस रुपये त्या काळचे, मैत्रिणींनो!

२० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. माणसं मांडवात परतली, काही परतीची बांधाबांध करत होती, काही जेवायला बसली होती. तेवढ्यात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मांडवावर चालून आला. माणसांना मारलं आणि शिजवलेलं अन्न मातीत तुडवलं. ज्यांनी पहाटे उठून चुली पेटवल्या असतील, त्यांच्या डोळ्यांदेखत. मग तळं ‘शुद्ध’ केलं, शेण, गोमूत्र, दही घातलेल्या १०८ घागरी पाण्यानं.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. महाडच्या व्यापाऱ्यांनी सामान द्यायचं नाकारलं, म्हणून धान्यधुन्य बाहेरून आणावं लागलं. मांडवाला जागा कुणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. म्हणजे जागा, धान्य, पाणी, सगळीच जुळवाजुळव झगडून करावी लागली. २५ डिसेंबरला त्याच मांडवासमोर मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, तळ्यावर सगळ्यांचा हक्क राहिला.

म्हणून आम्ही म्हणतो, हॉटेलातला तो सुरीच्या टोकाशी ठेवलेला ग्लास साधा नाही. आपल्या भागातली मुलगी तीनशे ग्लास भरते आणि कुणी तिचं आडनाव विचारत नाही. हे आपोआप झालेलं नाही. आणि सगळीकडे झालेलंही नाही. मागच्या वर्षी आमच्या एका गटाला एका गावातून साखरपुड्याच्या जेवणाची ऑर्डर आली. माणशी दर ठरला, मेनू ठरला. दुसऱ्या दिवशी फोन आला, “रांधायला कुणीही असूद्या, पण पाणी वाढायला कोण कोण येणार त्यांची आडनावं सांगा.” गटाच्या अध्यक्ष ताईंनी सांगितलं, “आडनावं पावतीवर येतील, सगळ्यांची.” ऑर्डर गेली. त्या महिन्यात गटाला ते जाणवलं, कारण कर्जाचा हप्ता होता. तरी ताईंचं उत्तर बरोबर होतं असंच आमचं मत आहे.

आता मुंबईकडे वळू, कारण आपली वाट तिकडेच गेली. अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं, पहिल्या दिवशी १७ पाहुणे होते. जमशेटजी टाटांनी ते बांधलं. आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी अभियंते होते. जमशेटजींना गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी हे बांधलं अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असल्याचा पुरावा नाही, पण लोकांना ती पटते, यातच काय ते आलं. अशा हॉटेलांत तेव्हा पुरुषच असत. गोव्याचे आचारी आणि बटलर नावाजलेले. आपल्या भागातले पुरुष गिरणीत, गोदीत गेले. बायका इथे शेत आणि मनिऑर्डर सांभाळत राहिल्या.

ज्या बायका गिरणगावात गेल्या त्यांनी खाणावळी चालवल्या. दहा-वीस कामगार दोन वेळ त्यांच्याकडे जेवायचे, पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधार, सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काहीच नाही, एकमेकींचा शब्द. ओळखीचं वाटतं ना? आपल्या गटांच्या आधीचं आहे हे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा जेवायला येणारेच गेले. अन्नपूर्णाच्या बायका कचेऱ्यांना डबे आणि समारंभाची जेवणं पुरवू लागल्या. खाणावळीतून केटरिंगकडे वळलेली वाट आपल्या बायकांनी अशी घातली आहे.

आणि एक रात्र सांगायलाच हवी. २६ नोव्हेंबर २००८, ताजवर हल्ला झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात एका कंपनीची मेजवानी चालू होती. तिची जबाबदारी मल्लिका जगद या २४ वर्षांच्या मुलीवर होती, बँक्वेट विभागात सहायक व्यवस्थापक. आवाज आले तेव्हा आधी वाटलं कुठे लग्नाचे फटाके असतील. मग तिनं दारं लावून घेतली, दिवे बंद केले, पाहुण्यांना टेबलांखाली झोपायला सांगितलं. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवलं, एका घरातली दोन्ही माणसं एकदम जाऊ नयेत म्हणून. रात्रभर तिचे सहकारी पाणी देत राहिले. पहाटे आग लागली, अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून खिडकीतून पाहुणे उतरवले, ती शेवटी उतरली. त्या हल्ल्यात हॉटेलचे कितीतरी कर्मचारी गेले. लोकांनी त्यांना वीर म्हटलं, ते खरंच आहे. पण टेबलाखाली किती माणसं मावतील, कुठलं दार कुठे उघडतं, अंधारात पाण्याच्या बाटल्या कुठे सापडतील, हे मांडणाऱ्यालाच माहीत असतं, हेही त्यात होतं.

एवढं सगळं असून आज या कामावरची पुष्कळ मुलं हॉटेलच्या पटावर नसतात, ठेकेदाराच्या असतात. लग्नसराईत बोलावणं, पावसाळ्यात घरी. म्हणून मुलगी या कामाला निघाली की घरच्यांनी चार गोष्टी विचारा. पगार कोण देणार, हॉटेल की ठेकेदार? कागद मिळणार का? ठरल्या तासांहून जास्त काम झालं तर कायद्यानं दुप्पट दर आहे, तो देतात का? भविष्य निर्वाह निधी कापतात तर त्याचा नंबर कुठे आहे? आणि रात्रीचं: १९४८ च्या जुन्या कायद्यात बाईच्या रात्रीच्या कामावर बंधन होतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं ते बदललं. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनं काम करता येतं, पण सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत गाडी ही मालकाची जबाबदारी. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत, स्टेशनपर्यंत नव्हे. दोन मुलींनी हे आमच्याकडून ऐकून विचारलं आणि त्यांची गाडी सुरू झाली. एकीला सांगितलं, जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. ती आली परत, आता आमच्याच केटरिंग गटात टेबलं लावते, आणि कापडाची घडी वाकडी दिसली की आम्हाला ओरडते.

पुढच्या प्रभाग बैठकीला येताना, ज्यांच्या घरातलं कुणी हॉटेलात, खाणावळीत, मांडवाच्या कामात होतं किंवा आहे, त्यांनी नाव, गाव, साल आणि काम लिहून आणा. आजोबा बटलर होते की वाढपी, आजी खाणावळीत होती की नाही, काहीही चालेल. लिहिता येत नसेल तर सांगायला या, वही आमच्याकडे आहे.