न आलेल्या कळेचा इतिहास

१/ गरोदर स्त्री ओटीपोटात दुखते म्हणाली, की तपासणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो : ही कळ गर्भाशयाची, की ताणलेल्या सांध्यांची? महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून रात्रीच इस्पितळ गाठायचे की सकाळची वाट पाहायची, हे त्याच उत्तरावर ठरते.

२/ कूस बदलताना जांघेत उठणारी व लगेच विसावणारी चमक बहुधा गर्भाशयाच्या बंधांची असते. चढण चढताना ओटीपोटाखालच्या हाडाच्या सांध्यात दुखते, ते कटिराचे. ठरावीक अंतराने पोट घट्ट करणारी कळ मात्र प्रसूतीची. सोबत रक्तस्राव, पाणी जाणे किंवा ताप असेल, तर थांबू नये.

३/ पण काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशी कळ न येताच, पुनःपुन्हा पडे. विश्रांती आणि हार्मोन्सही निरुपयोगी ठरत. ठपका अर्थातच स्त्रीवर येई.

४/ या कोड्याला हात घातला डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. जन्म १८९९, गोव्यातील शिरोडा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाले.

५/ गरोदरपणातील सोनोग्राफी तेव्हा रूढ नव्हती. इयन डोनाल्ड यांचा ग्लासगोतील प्रसिद्ध लेख १९५८चा. शिरोडकरांची साधने दोनच : रुग्णेची हकिगत आणि स्वतःची बोटे. वारंवार तपासणी करताना त्यांना आढळले, की गर्भाशयाचे मुख कळांवाचूनच उघडत आहे. दोष मुखाच्या दुबळेपणात होता.

६/ १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात त्यांनी उपाय मांडला : रुग्णेच्याच मांडीतील स्नायू-आवरणाची पट्टी काढून, गर्भ पोटात असतानाच, मुखाभोवती बांधायची. १९५७मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत सुचवली. तरीही ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभर टिकले. १९७१मध्ये ते पद्मविभूषण झाले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

७/ आज गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीने मोजता येते, आणि टाका प्रत्येकीला लागतही नाही. पण जिथे यंत्र दूर आहे, तिथेही शिरोडकरांची पद्धत पोहोचू शकते. ‘कुठे दुखते?’ हे विचारावेच. ज्या स्त्रीचा गर्भ पूर्वी पडला आहे, तिला आणखी एक विचारावे : ‘बाई, तेव्हा कळ आली होती का?’