कोतवाल कुणाचा?

सुलतान बल्बनच्या अमदानीतली, तेराव्या शतकातली ही गोष्ट. इल्तुतमिशच्या काळापासून दोआबातल्या गावांच्या वसुलावर जगणारे तुर्क घोडेस्वार म्हातारे झाले होते. चाकरी होत नव्हती, गावं सुटत नव्हती. सुलतानाने ती काढून घ्यायचा हुकूम दिला, तेव्हा ही मंडळी नजराणे घेऊन दिल्लीच्या कोतवालाच्या दारात आली. कोतवाल मलिक-उल-उमरा फखरुद्दीनने नजराणे परत केले. तुमच्याकडून काही घेतलं तर माझ्या शब्दाला वजन उरणार नाही, असं त्याने सांगितलं. मग तो दरबारात गेला आणि आपल्या जागी खिन्न चेहऱ्याने उभा राहिला. बल्बनने कारण विचारलं. म्हाताऱ्यांना दूर लोटताहेत असं कानावर आलं, फखरुद्दीन म्हणाला, कयामतीच्या दिवशीही हाच नियम लागला तर माझ्यासारख्याचं काय होईल? बल्बनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हुकूम मागे फिरला.

झियाउद्दीन बरनीने ‘तारीख-ए-फिरोजशाही’त ही हकीकत लिहून ठेवली आहे. बरनीचा काका पुढे याच पदावर बसला, त्यामुळे कोतवालांविषयी लिहिताना त्याचा हात थोडा सैल सुटला असेल तर नवल नाही. पण पदाचा सगळा पेच या एका प्रसंगात आहे. नेमणूक सुलतानाची, दार मात्र लोकांचं.

दिल्ली पोलीस आपल्या इतिहासात या फखरुद्दीनलाच शहराचा पहिला कोतवाल मानतात. त्यांच्या हिशेबाने तो १२३७ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी पदावर आला. बल्बन १२८७ मध्ये वारला तेव्हाही तो पदावर होता, म्हणजे नव्वदीत! वर्षांच्या या हिशेबावर फार विसंबू नये. मात्र त्या वेळी त्याने काय केलं याबद्दल शंका नाही. बल्बनने नातू कैखुसरोला वारस ठरवलं होतं. फखरुद्दीन आणि त्याच्या गोटातल्या अमिरांनी कैखुसरोला बाजूला सारून दुसऱ्या नातवाला, कैकुबादला, तख्तावर बसवलं. लोकांनी कोतवाल निवडण्याची गोष्ट दूरच, इथे कोतवालानेच सुलतान निवडला.

त्याच सुमारास, १२८५ मध्ये, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने विंचेस्टरचा कायदा केला. सूर्यास्त ते सूर्योदय गावाच्या वेशी बंद ठेवायच्या, परका माणूस ज्याच्या घरी उतरेल त्याने त्याची हमी घ्यायची, दरोडा पडला आणि दरोडेखोर सापडले नाहीत तर त्या मुलखातल्या लोकांनी नुकसान भरून द्यायचं, असा तो बंदोबस्त. दहा-दहा पुरुषांना एकमेकांचे जामीन करण्याची चाल तिथे त्याआधीच रुळली होती आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला राजाचा शेरीफ वर्षातून दोनदा फेरी मारायचा. हा शेरीफही राजाचाच माणूस, सारा वसूल करणारा. रॉबिन हूडच्या गोष्टींतला खलनायक नॉटिंगहॅमचा शेरीफ आहे, हे उगीच नाही. मतपेटी आली ती अमेरिकेत. मेरीलँडने १७७६ च्या राज्यघटनेतच शेरीफला निवडणुकीला उभं केलं आणि आज तिथल्या ५० पैकी ४६ राज्यांत शेरीफ मतदानाने येतो. उमेदवार अंगणाअंगणात नावाच्या पाट्या लावतो, तुरुंग कसा चालवीन ते सांगतो आणि काम पटलं नाही तर पुढच्या खेपेला घरी बसतो. त्यातून गुंडपुंडही निवडून आलेले आहेत, तेव्हा मतपेटी म्हणजे जादूची कांडी नव्हे. इंग्रजांनी मुंबईत आणलेल्या शेरीफचं मात्र मानाचं पद होऊन बसलं. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर मुंबईचे नगरपाल होते, आणि चोर पकडण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कुणी केली नाही.

दिल्लीच्या कोतवालाकडून ती होती, आणि त्यापलीकडेही बरंच काही. अलाउद्दीन खिलजीचा कोतवाल अलाउल्मुल्क म्हणजे बरनीचा काका. माणूस इतका लठ्ठ की वजीर व्हायच्या लायकीचा असूनही देहामुळे कोतवालीवर ठेवला, असं खुद्द सुलतान म्हणत असे. अलाउद्दीनच्या डोक्यात तेव्हा दोन खुळं होती: नवा धर्म काढायचा आणि सिकंदरासारखं जग जिंकायचं. दरबारी माना डोलवत होते. अलाउल्मुल्कने आधी मद्य हटवायला लावलं, चारदोन विश्वासू सोडून बाकीच्यांना बाहेर काढवलं आणि मग तोंड उघडलं. धर्म हे पैगंबरांचं काम, राजाचं नव्हे. आणि जग जिंकायच्या आधी रणथंबोर-चितोड पाहा, मंगोलांच्या धाडी थांबवा. सुलतानाने ऐकलं आणि वर बक्षीसही दिलं.

त्याच्यानंतरचा कोतवाल तिरमिझी वेगळ्या घडणीचा होता. त्याच्या जाचाने शहर वैतागलं होतं. १३०१ मध्ये अलाउद्दीन रणथंबोरच्या वेढ्यात गुंतला असताना हाजी मौला नावाच्या माणसाने खोटं फर्मान दाखवून तिरमिझीला बाहेर बोलावलं आणि ठार केलं. कैदखाना उघडला, खजिना वाटला, एका सय्यदाला तख्तावर बसवलं. बंड काही दिवसांतच मोडलं. हाजी मौला हा जुन्या फखरुद्दीन कोतवालाच्या पदरचा गुलाम होता, हा त्यातला खास तपशील. नको झालेला कोतवाल हटवायला मतदान नसेल, तर असे मार्ग उरतात.

पुण्याला हे वेगळं सांगायला नको. पेशव्यांनी मोगली धाटणीची कोतवाली शहरात आणली. बाजारभाव, वजनमापं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, रात्रीची गस्त, सगळं कोतवाल चावडीच्या हाती. रात्री तोफ झाल्यावर परवान्याशिवाय रस्त्यावर दिसणारा माणूस आत जायचा. १७७७ मध्ये घाशीराम सावळादास कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा जमाव शनिवारवाड्यावर गेला, घाशीरामला मागून घेतलं आणि दगडांनी ठेचून मारलं. चौदा वर्षांच्या कारभाराचा निकाल एका दिवसात लागला. विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे घाशीराम घराघरांत पोचला. तिरमिझीला असा नाटककार मिळाला नाही.

लोकांचा सहभाग या व्यवस्थेत नव्हता असं मात्र नाही. उलट तो खच्चून होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त कोतवालाच्या कामांची यादीच दिली आहे. घरं आणि वाटा यांची नोंदवही ठेवावी. रहिवाशांकडून एकमेकांच्या मदतीचा करार करून घ्यावा, सुखदुःखात बांधील करावं. काही घरं मिळून एक मोहल्ला करावा, त्यावर एक शहाणा माणूस नेमावा आणि कोण आलं, कोण गेलं, याचा रोजचा कागद त्याच्या शिक्क्याने घ्यावा. शिवाय त्याच मोहल्ल्यात एक गुप्त हेर ठेवावा, पहिल्याला कळू न देता! ओळखपाळख नसलेल्या पाहुण्यांसाठी वेगळी सराई. कुणाची मिळकत किती आणि खर्च किती, यावर नजर. बाईच्या इच्छेविरुद्ध सती जाऊ देऊ नये, हेही त्याच यादीत. आणि एक कलम आजच्या वाचकाने दोनदा वाचावं असं: चोर आणि मुद्देमाल शोधून काढावा, नाहीतर नुकसान कोतवालाने स्वतः सोसावं.

औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात वावरलेला व्हेनिसचा निकोलाओ मनुची या हेरगिरीचं गुपित सांगतो. घराघरातली घाण काढणाऱ्या हलालखोरांना दिवसातून दोनदा प्रत्येक घरात शिरावं लागे, आणि आत काय चाललंय ते कोतवालाला सांगावं लागे. शाहजहानने १६४८ मध्ये राजधानी दिल्लीला आणली तेव्हा गजनफर खानाला नव्या शहराची कोतवाली आणि तोफखाना एकदमच दिला. चांदणी चौकातल्या त्याच कोतवालीजवळ १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. तिथे आज शीशगंज गुरुद्वारा आहे. शेजारच्या सोनेरी मशिदीत बसून नादिरशहाने १७३९ ची कत्तल पाहिली.

इंग्लंडचा जामीन आणि अकबराचा मोहल्ला, दोन्हींची मुळं सारखीच दिसतात: शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवायची आणि राजाच्या माणसाला कळवायचं. अमेरिकेत त्या शेजाऱ्याच्या हाती पुढे मतपत्रिका आली. दिल्लीत राज्यकर्त्यांनी लोकांकडे माहिती मागितली, मत कधी मागितलं नाही.

१८५७ ने कोतवाली संपवली, पण त्याआधी तिची शेवटची धावपळ पाहायला मिळते. उठावाच्या ऐन आधीचा कोतवाल म्हणून गंगाधर नेहरूंचं नाव घेतलं जातं. ते जवाहरलाल नेहरूंचे आजोबा. १८६१ मध्ये वारले आणि त्यांच्या मागे मोतीलाल जन्मले. ११ मे रोजी मेरठचे शिपाई शहरात शिरले तेव्हा पहाडगंजच्या ठाण्यावर मुईनुद्दीन हसन खान ठाणेदार होता. मुईनुद्दीनने मॅजिस्ट्रेट मेटकाफला पळून जायला मदत केली आणि नंतर बहादूरशहाच्या राज्यात तोच शहराचा कोतवाल झाला. त्याच्यामागून सय्यद मुबारक शाह आला. दोघांनीही आपापली कैफियत लिहून ठेवली, आणि दोघांचाही सूर जीव वाचवणाऱ्या माणसाचा आहे.

त्या चार महिन्यांचे कागद जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि महमूद फारुकी यांनी त्यांतले अनेक इंग्रजीत आणले आहेत. त्यांतला कोतवाल क्रांतिकारक वाटत नाही, तो हैराण मुकादम वाटतो. गाड्या पाठव. हमाल पाठव. खाटा पाठव. मोर्च्यावर रसद पोचली नाही. शिपाई दुकानं लुटताहेत असा दुकानदारांचा अर्ज. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी शहर घेतलं आणि त्यांचा अधिकारी हडसन याने गोळ्या घातलेल्या शहजाद्यांची प्रेतं कोतवालीसमोरच टाकली गेली. पुढे त्याच जागी फाशीचे खांब उभे राहिले.

मग आला १८६१ चा पोलीस कायदा. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सब्जी मंडी ठाण्यात दिल्लीतली सर्वांत जुनी उपलब्ध फिर्याद उर्दूत नोंदली गेली. कटरा शीशमहलमधल्या एका रहिवाशाची भांडी, हुक्का आणि बायकांचे कपडे चोरीला गेले होते. एकूण किंमत ४५ आणे. अबुल फजलच्या हिशेबाने माल सापडला नसता तर हे ४५ आणे कोतवालाच्या खिशातून जायला हवे होते. नव्या व्यवस्थेत फिर्यादीला नोंद मिळाली, पोलिसाला जबाबदारीतून सुटका. कायदा म्हणून हे अधिक नेटकं आहे, यात वाद नाही. कटऱ्यातल्या माणसाला ते तसं वाटलं असेल का, हा वेगळा प्रश्न.

खुद्द कोतवाल हा शब्द महाराष्ट्रात खेड्यात उतरला आणि तलाठ्याच्या हाताखाली नोटिसा पोचवू लागला. गावच्या पोलीस पाटलाला १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याचा आधार आहे. तो गावातलाच असतो, नेमणूक सरकारची. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी २००७ च्या १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा समिती ठरवायचं काम ग्रामसभेकडे दिलं. अध्यक्षपदावरून काही गावांत नवेच तंटे लागले, पण निदान हात वर करून माणूस ठरवायची सवय तिथे आली.

दिल्लीत १ जुलै १९७८ पासून पोलीस आयुक्त आहेत, दंडाधिकाऱ्याचे काही अधिकारही त्यांच्याच हाती. गुरुग्राममध्ये हीच पद्धत २००७ मध्ये आली, नोएडात २०२० मध्ये. पकडणारा आणि हुकूम काढणारा एकच, ही चाल कोतवालाला अनोळखी वाटली नसती. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली नाही तर घरमालकावर गुन्हा होतो, घरकामाच्या बाईची पडताळणी करून घ्या असं पोलीस सांगतात, आणि ‘आइज अँड इअर्स’ योजनेत फेरीवाले आणि पार्किंगवाले पोलिसांचे डोळे-कान होतात. आईनमधला रोजचा कागद आणि मनुचीचा हलालखोर आता छापील अर्जावर आले आहेत. वसाहतींच्या रहिवासी संघटना रात्री अकराला फाटकं लावतात; जुन्या शहरातले कूचे हेच करत. तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी २००० मध्ये ‘भागीदारी’ सुरू करून या संघटनांना सरकारसमोर खुर्ची दिली, त्याबद्दल २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही आला. पण पोलीस त्यांच्या हातात नव्हते. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा दिली आणि पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडे ठेवली.

त्यामुळे लक्ष्मीनगरचा घरमालक भाडेकरूचा अर्ज भरून ठाण्यात देतो, संघटनेच्या खजिनदारपदासाठी चुरशीने मतदान करतो, आणि ठाण्याचा प्रमुख (एसएचओ) खटकला तर आमदाराकडे गेल्यावर त्याला ऐकायला मिळतं की हे आपल्याकडे नाही. मग तो खासदाराला गाठतो आणि खासदार गृहमंत्रालयाला पत्र लिहितो. दिल्लीची हद्द ओलांडली की नोएडातून हेच पत्र लखनौला जातं, आणि गुरुग्राममधून चंदीगडला.