एक्सपोजर आणि प्रकाशमापन (डिजिटल छायाचित्रण)

एक्सपोजर म्हणजे छायाचित्र टिपताना कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडू दिलेल्या प्रकाशाचे एकूण प्रमाण. मराठी परिभाषेत यास उद्भासन असेही म्हणतात. हे प्रमाण किती असावे हे ठरविण्यासाठी दृश्यातील उजेड मोजण्याच्या क्रियेला प्रकाशमापन म्हणतात. प्रकाश गरजेपेक्षा जास्त झाला तर चित्रातील उजळ भाग तपशील गमावून कोरे पांढरे होतात. कमी पडला तर सावल्या काळ्याठिक्कर पडतात. डिजिटल कॅमेरा हा हिशेब क्षणार्धात आपोआप करतो. अलीकडचे कॅमेरे माणसाचा चेहराही ओळखतात. तरीही समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे प्रकाशमापकाला खात्रीने कळत नाही. एक्सपोजरवर स्वतः नियंत्रण ठेवण्याची गरज प्रामुख्याने या एका मर्यादेतून निर्माण होते.

या लेखातील उदाहरणे मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांतून घेतली आहेत. काळी जमीन, पांढरा कापूस, उन्हाळ्यात थेट डोक्यावर येणारा सूर्य आणि दगडात कोरलेली अंधारी लेणी यांमुळे प्रकाशमापनाच्या बहुतेक अडचणी या परिसरात एकत्र पाहावयास मिळतात.

तीन घटक

एक्सपोजर तीन गोष्टींवर अवलंबून असते: भिंगाचे छिद्र (अपर्चर), झडप उघडी राहण्याचा काळ (शटर) आणि आयएसओ. यांपैकी पहिल्या दोहोंमुळे संवेदकापर्यंत प्रत्यक्षात पोहोचणारा प्रकाश बदलतो. आयएसओ वाढविल्याने संवेदक अधिक संवेदनशील होतो असा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. आयएसओ केवळ मिळालेल्या संकेताचे वर्धन करतो. अंधारात टिपलेल्या चित्रात दिसणारे दाणे मुख्यतः प्रकाश कमी मिळाल्यामुळे येतात.

प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याला एक स्टॉप म्हणतात. छिद्राचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे चढत जातात आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. आकडा मोठा तितके छिद्र लहान, हे नवशिक्यांना प्रथम उलटे वाटते. हा आकडा भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून मिळतो, म्हणून तो असा उलटा चालतो.

तिन्ही घटकांचे दुष्परिणाम वेगवेगळे असतात. त्यामुळे सारख्याच एक्सपोजरची दोन चित्रे दिसायला अगदी भिन्न असू शकतात. नांदेड येथे दसऱ्याला निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत धावणारी माणसे स्थिर टिपायची असतील तर १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी काळ लागतो आणि त्यासाठी छिद्र मोठे करावे लागते. याउलट इस्लापूरजवळील पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याचे पाणी रेशमासारखे दाखवायचे असेल तर अर्धा सेकंद तरी झडप उघडी हवी. पावसाळी ढगाळ उजेडात आयएसओ १०० व एफ/११ असताना साधारण १/३० सेकंद पुरतात. तेथून अर्ध्या सेकंदापर्यंत जाण्यासाठी चार स्टॉप प्रकाश अडवावा लागतो. म्हणजेच प्रकाश १६ पट कमी करणारी करडी काच भिंगापुढे लावावी लागते.

घरातील किंवा मंगल कार्यालयातील दिव्यांखाली आणखी एक अडचण येते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. अशा ठिकाणी फार कमी काळाची झडप वापरल्यास चित्रात आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास ते बहुधा टळतात.

प्रकाशमापक काय मोजतो

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. मध्यम करडा म्हणजे परंपरेने पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा पृष्ठभाग. डोळ्याला तो काळ्या व पांढऱ्याच्या साधारण मधोमध भासतो. हिरवेगार सोयाबीन, धुळीने माखलेला डांबरी रस्ता किंवा दुपारचे निळे उत्तर आकाश यांच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्यापैकी खरे ठरते. त्यामुळे स्वयंचलित चित्र पुष्कळदा चांगले येते आणि गृहीतकाचा विसर पडतो.

हे गृहीतक कोठे मोडते हे या दोन जिल्ह्यांतील जनावरांवरून उत्तम कळते. लातूर जिल्ह्यातील देवणी गोवंशात बालंक्या, वानेरा आणि शेवरा असे तीन प्रकार मानले जातात. बालंक्या जवळजवळ पूर्ण पांढरा असतो, वानेऱ्याच्या तोंडावर काळा रंग असतो आणि शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार परिसराचा लाल कंधारी गोवंश गडद तांबडा असतो, तर मराठवाडी म्हैस काळी असते. चौकट भरून बालंक्या बैल टिपला तर मापक त्याला करडा करू पाहतो, प्रकाश कमी करतो आणि बैल मळकट दिसतो. म्हैस टिपली तर तोच मापक प्रकाश वाढवून तिला राखाडी करतो. लाल कंधारी गाय मध्यम करड्यापेक्षा गडद असल्याने ती आहे त्याहून फिकट उमटते. जनावराचा वाण रंग व ठिपक्यांवरून ओळखला जात असल्यामुळे ही चूक केवळ सौंदर्याची राहत नाही. विक्रीसाठी दूरच्या गिऱ्हाइकाला पाठविलेल्या चित्रात लाल कंधारीचा गडद रंग फिका दिसला, तर चित्र चुकीची माहिती देते.

यावर उपाय म्हणजे एक्सपोजर भरपाई. अधिक-उणे चिन्ह असलेल्या कळीने मापकाच्या निर्णयात बदल करता येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तो एकतृतीयांश स्टॉपच्या टप्प्यांनी होतो. नियम सहज प्रेरणेच्या विरुद्ध आहे: वस्तू पांढरी असेल तर अधिक करावे, काळी असेल तर उणे. पांढऱ्या बैलाला साधारण +१ ते +१⅔, काळ्या म्हशीला -१ ते -१⅔ आणि लाल कंधारीला -⅓ ते -⅔ ही सुरुवात म्हणून पुरेशी ठरते.

रंगाचा हा घोळ मुळातच टाळायचा असेल तर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजावा. हातात धरायचा स्वतंत्र प्रकाशमापक हेच करतो. बैल पांढरा असो की म्हैस काळी, दोघांवर पडणारे ऊन सारखेच असल्याने त्याचे उत्तर बदलत नाही. तसा मापक जवळ नसल्यास वस्तूइतक्याच उजेडात स्वतःचा तळहात धरून त्यावरून मापन घेता येते. तळहात मध्यम करड्यापेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो, म्हणून आलेल्या मापनात एक स्टॉप वाढवावा.

मापनाच्या पद्धती

सेलेनियमच्या घटावर चालणारे वेस्टन कंपनीचे प्रकाशमापक १९३२ पासून मिळू लागले. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास दृश्यातील छटांची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत विभागणी करणारी झोन पद्धती मांडली. भिंगातून आत आलेला प्रकाश मोजण्याची सोय १९६३ साली टॉपकॉन कंपनीच्या एसएलआर कॅमेऱ्यात आली. चौकटीचे अनेक भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा विचार करणारे मापन १९८३ मध्ये निकॉन एफए या कॅमेऱ्यात आले. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांतील बहुखंडी मापन त्याच कल्पनेचा विस्तार आहे.

बहुखंडी मापन सर्वसाधारण वापरासाठी योग्य आहे, परंतु कॅमेरा आतल्या आत कोणता तर्क लावतो हे वापरणाऱ्यास दिसत नाही. केंद्रभारित मापन चौकटीच्या मध्यभागाला अधिक महत्त्व देते आणि त्याच्या चुका अंदाजाने ओळखता येतात. बिंदुमापन चौकटीचा साधारण १ ते ५ टक्के भागच पाहते. ते सर्वांत अचूक, पण चुकीच्या जागी रोखल्यास सर्वांत घातक ठरते.

महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, उभारलेल्या नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाराचा सोनेरी घुमट रात्री दिव्यांनी उजळलेला असतो. चौकटीत काळे आकाश जास्त असल्यास बहुखंडी मापन एकूण चित्र उजळ करण्याचा प्रयत्न करते. मग सोन्याचा रंग उडून घुमट पांढुरका दिसतो. अशा वेळी घुमटावर बिंदुमापन घेऊन +⅔ ते +१ इतकी भरपाई द्यावी आणि ते मापन एक्सपोजर-लॉकच्या कळीने धरून ठेवून चौकट पुन्हा जुळवावी. धातूवरील एखाददुसरी चमक पांढरी राहिली तरी बिघडत नाही. ती तशीच दिसायला हवी.

औसा तालुक्यातील खरोसा येथील लेण्यांत उलटी परिस्थिती असते. जांभा दगडातील अंधाऱ्या दालनातून दाराकडे पाहिले की बाहेरचे ऊन आतल्या मूर्तीपेक्षा कितीतरी स्टॉप उजळ असते. एका चित्रात दोन्ही मावणे कठीण असते. तिवईवर कॅमेरा ठेवून मूर्तीसाठी एक व दारासाठी एक अशी वेगळ्या एक्सपोजरची चित्रे जोडता येतात. पण दार चौकटीबाहेर ठेवून तेथून येणाऱ्या तिरप्या उजेडात मूर्ती टिपणे अनेकदा अधिक सोपे आणि परिणामकारक असते.

भर उन्हातील एक्सपोजर

निरभ्र दिवसाचे ऊन इतके ठरावीक असते की मापकाशिवायही काम भागते. एफ/१६ छिद्र ठेवून झडपेचा काळ आयएसओच्या व्यस्त प्रमाणात घ्यावा, म्हणजे आयएसओ १०० असता सुमारे १/१२५ सेकंद, असा जुना ठोकताळा आहे. त्याला एफ/१६ चा नियम म्हणतात. त्याच हिशेबाने एफ/८ ला १/५०० सेकंद येतात. विरळ ढग असल्यास एक स्टॉप, दाट ढग असल्यास तीन आणि मोकळ्या सावलीत चार स्टॉप वाढवावेत. स्वयंचलित मापन चुकते आहे का हे तपासण्यास हा ठोकताळा फार उपयोगी पडतो.

लातूर सुमारे १८.४ आणि नांदेड सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा उन्हात माणसाचे कपाळ व नाक लखलखीत आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. टोपी किंवा फेट्याखालचा चेहरा तर सावलीतच राहतो. चेहऱ्यावर मापन घेतल्यास पांढरा फेटा कोरा होतो. एक्सपोजर बदलून ही अडचण सुटत नाही, कारण दोन भागांतील फरक कायम राहतो. फ्लॅशचा किंवा पांढऱ्या कापडावरून परतविलेला उजेड सावलीत टाकणे किंवा माणसाला निंबाच्या सावलीत आणणे हाच मार्ग उरतो.

काळी जमीन, पांढरा कापूस

ओली काळी जमीन पडलेल्या प्रकाशाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग परत फेकते, तर फुटलेला स्वच्छ कापूस ऐंशी टक्क्यांच्या आसपास. दोहोंत तीन स्टॉपांहून अधिक अंतर पडते आणि झाडाखालच्या सावलीने ते आणखी वाढते. एवढा पल्ला डिजिटल संवेदक सहज पेलतो. चांगल्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, म्हणजे रॉमध्ये, १२ ते १४ स्टॉपांपर्यंतचा पल्ला साठू शकतो. पण तो पल्ला योग्य जागी बसवावा लागतो. नुकतीच बोंडे फुटू लागलेल्या शेतात चौकटीचा बहुतांश भाग काळा असतो. मापक त्या काळ्यासाठी प्रकाश वाढवतो आणि कापसाचे तंतू नाहीसे होऊन पांढरे डाग तेवढे उरतात.

फिल्म वापरण्याची सवय असलेल्यांना येथे सवय बदलावी लागली. निगेटिव्ह फिल्ममध्ये उजळ भाग हळूहळू विरत असत, म्हणून प्रकाश थोडा जास्त देणे सुरक्षित मानले जाई. डिजिटल संवेदकाची पेशी भरली की पुढचा सर्व तपशील एकदम तुटतो आणि तो कोणत्याही संगणकप्रणालीने परत आणता येत नाही. सावलीतील तपशील मात्र दाणेदार का होईना, बराचसा वर काढता येतो. म्हणून महत्त्वाचा उजळ भाग सांभाळून, त्या मर्यादेत शक्य तितका अधिक प्रकाश देणे हा डिजिटल एक्सपोजरचा व्यवहार्य नियम आहे. यामागे गणितही आहे. १४ बिटांच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यांतील ८,१९२ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात.

उजळ भाग तुटला की नाही हे कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चित्र पाहून ठरवू नये. उन्हात पडदा अंधुक वाटतो, रात्री भडक. त्याऐवजी हिस्टोग्राम पाहावा. या आलेखात डावीकडे गडद व उजवीकडे उजळ छटांचे प्रमाण दिसते. आलेख उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर तपशील गेला आहे. काळ्या म्हशीच्या चित्राचा आलेख डावीकडे झुकलेला असणे मात्र स्वाभाविक आहे. तो मध्यभागी आणण्याचा अट्टहास करणे म्हणजे प्रकाशमापकाचीच चूक हाताने करणे होय.

एकत्रित आलेख कधीकधी फसवतो. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची मोठी यात्रा भरते. उधळलेला भंडारा पिवळाधमक असल्याने त्यात लाल व हिरव्या घटकांचे प्रमाण मोठे आणि निळ्याचे फार कमी असते. एकूण आलेख ठीक दिसत असतानाही लाल घटक तुटलेला असतो आणि भंडाऱ्याचा पोत जाऊन सपाट पिवळा ठिपका उरतो. लाल, हिरवा व निळा असे तीन वेगळे आलेख दाखविण्याची सोय असल्यास अशा ठिकाणी ती वापरावी. कच्ची फाइल टिपतानाही कॅमेरा दाखवितो तो आलेख प्रक्रिया केलेल्या जेपेग चित्राचाच असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी सवलत शिल्लक असते.

मोबाइल कॅमेरा आणि पिकांची नोंद

ग्रामीण भागात आज सर्वाधिक छायाचित्रे मोबाइलवर टिपली जातात. मोबाइलमध्ये छिद्र बहुधा स्थिर असते, त्यामुळे एक्सपोजर झडपेचा काळ व आयएसओ यांवरच ठरते. अनेक मोबाइल एकाच वेळी अनेक चित्रे घेऊन जोडतात व प्रकाशाचा पल्ला वाढवतात, पण वाऱ्याने हलणाऱ्या पानांच्या कडा त्यात अस्पष्ट होऊ शकतात.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यानंतर शेतकरी स्वतःच शेतातून पिकाचे छायाचित्र नोंदवू लागले. पीकविम्यासाठी नुकसान कळवितानाही छायाचित्रे लागतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीसारख्या प्रसंगी काळ्या रानात पांढऱ्या गारांचा थर दिसतो आणि काही वेळात वितळून जातो. ते चित्र पुन्हा घेता येत नाही. अॅपमधूनच टिपलेल्या चित्रात नंतर उजेड-अंधाराची दुरुस्ती करण्यास फारसा वाव नसतो आणि पुरावा म्हणून दिलेल्या चित्रात ती करणे उचितही नाही.

बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडद्यावर ज्या जागी बोट टेकवावे तेथील उजेडानुसार एक्सपोजर ठरते, म्हणजे ते एक प्रकारचे बिंदुमापनच असते. बोट काळ्या मातीवर टेकले तर गारा कोऱ्या होतात, गारांवर टेकले तर झोपलेले पीक अंधारात जाते. पिकाच्या उन्हातील पानावर बोट टेकवावे, थोडा वेळ दाबून मापन कायम करावे आणि शेजारी दिसणारी सूर्याची खूण किंचित खाली ओढावी. खूण किती ओढायची हे गारांवरून ठरते: त्यांच्या कडा वेगळ्या दिसू लागल्या की थांबावे. सूर्य पाठीशी ठेवावा, पण स्वतःची सावली चौकटीत येऊ देऊ नये. भर दुपारी टिपायचे असल्यास वरून घेण्याऐवजी बसून, पिकाच्या उंचीवरून, एक तिरपे चित्र वेगळे घ्यावे. त्यात मोडलेले खोड व जमिनीवर पडलेली बोंडे किंवा घाटे सावलीसह स्पष्ट उमटतात.