प्राण

'अन्' म्हणजे श्वास घेणे. या संस्कृत धातूला 'प्र' उपसर्ग लागून 'प्राण' झाला. अपान, व्यान, उदान, समान ही त्याची भावंडेही त्याच धातूची. लॅटिन 'अनिमा'चे मूळही तेच, आणि त्यावरून 'अ‍ॅनिमल', जसा प्राणावरून प्राणी. श्वास देवाने दिला अशी श्रद्धा; गणेशमूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेत मात्र माणूसच देवाला प्राण देतो. दानाची ही उलटी दिशा मोठी गमतीची.

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध वसलेल्या नवनगरात श्वासाला कन्नड शब्द 'उसिरु'. तो द्राविडी, तमिळ 'उयिर' त्याचा सख्खा, आणि तिथे अर्थ थेट जीव. पण या भागातल्या वीरशैव-लिंगायत परंपरेने पारिभाषिक शब्द घेतला तो 'प्राण'च: तळहातावर पूजले जाते ते इष्टलिंग, अंतरातले ते प्राणलिंग, त्यापलीकडचे भावलिंग. षट्स्थलांतले, म्हणजे साधनेच्या सहा टप्प्यांतले, चौथे स्थल 'प्राणलिंगी'. या टप्प्यावर साधकाची उपासना बाहेरून आत वळते.

१९व्या शतकात बासेल मिशनचे जर्मनभाषक धर्मोपदेशक याच प्रदेशात आले. बायबलमध्येही देव मातीच्या माणसात श्वास फुंकतो. या धर्मोपदेशकांच्या जर्मन भाषेत श्वास म्हणजे 'आटेम', आणि संस्कृत 'आत्मा' हा त्याचा सगोत्र शब्द असल्याचे भाषाशास्त्रज्ञ सहसा मानतात.